कुवेतहून दिसणारा खड्डा

गावात कुठेही अंधार झाला की पहिली शिवी मला पडते. लाइनमनच्या नोकरीतून मी केव्हाच निवृत्त झालो. खाकी शर्टाचं बायकोने फडकं केलं आणि स्कूटर पुसून पुसून तेही फाटलं. तरी लोक रस्त्यात गाठून विचारतात, काय दत्तारामभाऊ, लाइट कधी येणार? मी सांगतो, बाबांनो, माझं खातं बदललंय, मी आता सूर्याकडे कामाला आहे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, मग त्याला विचारून सांगा.

खरं म्हणजे मी मुलीकडे कामाला आहे. सुवर्णाने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, पनवेलकडे एका कंपनीत काही वर्षं काढली आणि चक्रीवादळानंतर गावी येऊन घरांवर सोलर बसवायचं दुकान टाकलं. त्या वादळात आमच्या किनाऱ्यावरचे खांब ओळीने आडवे झाले होते. लाइट यायला इतके दिवस लागले, की माणसं नुसता मोबाइल चार्ज करायला माणगावला जाऊन यायची. तेव्हापासून जो तो सोलरचं नाव काढायला लागला. मी तेव्हा घरी बसून टीव्हीशी भांडत होतो. सुवर्णाने एक दिवस माझ्या नावाची कार्डं छापून आणली, वर 'सिनियर फिटर'. मला विचारलंसुद्धा नाही. घरात मी बाप, गच्चीवर ती साहेब, असं आमचं चाललंय, आणि गच्चीवर ती फार बोलते.

जुन्या नोकरीत माझी आणि झाडांची दुश्मनी होती. पावसाळ्याआधी तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या हे लाइनमनचं काम. मे महिन्यात हातात कोयता घेऊन मी वाडीत शिरलो की बायका आपापल्या आंब्याखाली येऊन उभ्या राहायच्या, हा मेला आज कुठली फांदी मारतोय ते बघायला. त्यातल्या काही फांद्या उगाच गेल्या, त्याचं आता वाईट वाटतं. सोलरलाही सावली चालत नाही. म्हणून लोकांना वाटतं हा आता बुंध्यालाच हात घालणार. मी सांगून टाकलंय, पॅनेल सरकवीन, झाडाला हात लावणार नाही. साहेबांना ते पटत नाही, पण पान्हा माझ्या हातात असतो.

या धंद्यातली गोम सांगतो. पॅनेलवर ऊन पडलं की वीज तयार होते, इन्व्हर्टर नावाची पेटी ती घरात चालेल अशी करून देते. घरात वापरून उरली की ती तारेवरून बाहेर जाते, आणि मीटर आलेली-गेलेली दोन्ही मोजतं. रात्री आपण तारेवरची घ्यायची. यात बॅटरी नसते. म्हणून बाहेरची लाइट गेली की पॅनेलही गप्प बसतं. हे मी बसवायच्या आधी शंभरदा सांगतो, लोक मान डोलवतात, आणि पहिल्यांदा लाइट गेली की फोन येतो.

आमच्या शेजारच्या गावातले निवृत्त हेडमास्तर तर मला घरातून उठवून आपल्या घरी घेऊन गेले. भर दुपार, टळटळीत ऊन, आणि गुरुजींचा पंखा बंद. त्यांनी मला अंगणात उभं करून वर बोट दाखवलं आणि विचारलं, तो काय आहे? मी म्हटलं, सूर्य. मग माझा पंखा का फिरत नाही, असं म्हणून त्यांनी वर्गात विचारावं तसं माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना बसवून सांगितलं, गुरुजी, लाइट गेलीय म्हणजे कुठेतरी खांबावर एक माणूस चढलाय. तार मेलेली आहे असं समजून त्याने ती हातात धरलीय. तुमच्या गच्चीवरची वीज त्या वेळी बाहेर गेली तर तो वरच्या वर जाईल. म्हणून पेटी स्वतःहून बंद होते. तो खांबावरचा माणूस बरीच वर्षं मी होतो. गुरुजी बायकोला म्हणाले, चहा टाक. आता लाइट गेली की ते पुठ्ठ्याने वारा घेत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोच धडा शिकवतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. मांडव्याच्या बोटीने शनिवार-रविवार येणारे एक बंगलेवाले साहेब होते. त्यांना सोलर हवं होतं, पण दिसायला नको होतं. पोहण्याच्या टाकीवरून नजर टाकली की छप्पर कसं जुन्या कौलारू घरासारखं दिसायला हवं. मग बसवू कुठे, असं विचारल्यावर त्यांनी वडाखालची जागा दाखवली. दुसऱ्या एका दुकानदाराला उलट सगळी पॅनेलं रस्त्याकडे तोंड करून हवी होती, म्हणजे एसटीतून जाणाऱ्यांनी बघितली पाहिजेत. रस्ता उत्तरेला. मी म्हटलं, शेठ, एसटी दिसेल, सूर्य दिसणार नाही. त्यांनी विचार करायला मुदत मागितली.

पृथ्वी वाचवायची म्हणून आमच्याकडे कुणी येत नाही, हेही सांगून टाकतो. माणूस येतो बिलाला कंटाळून. पण पॅनेल बसलं की त्याच्यात फरक पडतो. सकाळी उठून आधी आभाळाकडे बघतो. कपडे धुवायचं मशीन उन्हाच्या वेळी लावतो. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला लागतो. आयुष्यभर ज्याने लाइट चालू सोडली तो पोरांवर ओरडायला लागतो. पृथ्वीचं काम अशा मागच्या दाराने होतं आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

हे सगळं प्रस्तावनेदाखल. मला सांगायचंय ते हलीमाखालाच्या गच्चीबद्दल.

हलीमाखालाचं घर मोहल्ल्याच्या टोकाला, खाडीवर. नवरा होता तेव्हा त्याचा सुकतीचा, म्हणजे सुक्या मासळीचा, आणि नारळाचा व्यापार. आता मुलगा इम्तियाज कुवेतला तेलाच्या कंपनीत. घर मोठं, निळ्या फरशीचं, ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा, आणि राहणारी एकटी खाला. इम्तियाज मे महिन्यात बायकापोरांना घेऊन येतो तेव्हा सगळ्या खोल्यांतले एसी चालू होतात, एरवी एका खोलीतला पंखा. त्याने फोनवरून सुवर्णाला सांगितलं, गच्चीभर पॅनेल लावून टाका. मी त्याला गमतीने म्हटलं, पोट तेलावर आणि घर उन्हावर, हा काय प्रकार? तो हसला. म्हणाला, काका, इथलं ऊन बघून बघूनच शहाणपण आलं.

गच्ची पूर्ण भरायला त्याची हरकत नव्हती, कारण त्याच्या हिशेबी ती कुणी वापरतच नव्हतं. आदल्या वर्षी खाला जिन्यात पडली होती. गुडघे आधीच दुखरे, त्यात पाय मुरगळला. इम्तियाजने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की ती यापुढे जिना चढणार नाही. चढलीस तर सरळ पनवेलच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवीन, असा दमही दिला होता. फ्लॅट त्याने घेऊन ठेवलेलाच होता. आम्ही माप घ्यायला गेलो तेव्हा पावसाळा, गच्चीवर शेवाळाशिवाय काही नव्हतं. गणपतीच्या सुमाराला काम उरकलं. इम्तियाजच्या सांगण्यावरून मी गच्चीच्या दाराला नवं कुलूप घातलं. कुलपाबरोबर दोन चाव्या आल्या. एक मी माझ्याकडे ठेवली आणि दुसरी सरळमार्गी माणसासारखी घराच्या मालकिणीला दिली.

हल्ली प्रत्येक इन्व्हर्टर मोबाइलला जोडलेला असतो. आपल्या गच्चीवर आत्ता किती वीज होतेय ते माणूस जगात कुठेही बसून बघू शकतो. सकाळी रेघ वर चढते, दुपारी माथ्यावर, संध्याकाळी खाली, अशी छान टेकडी दिसते. बहुतेक लोक पहिले आठ दिवस बघतात आणि विसरतात. इम्तियाज विसरला नाही. तो रोज बघायचा. आमच्याकडे ढग आले की त्याला आमच्याआधी कळायचं. मला फोन करून विचारायचा, काका, पाऊस येतोय का? मी खिडकीबाहेर बघून हो म्हणायचो. मला आधी ही कटकट वाटली. मग लक्षात आलं, की त्याला गावचं ऊन बघायचं असतं, वीज हे निमित्त.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली आणि त्याच्या टेकडीला भर दुपारी खड्डा पडायला लागला. रोज. सकाळी रेघ नीट चढायची, मग एकदम खाली बसायची आणि चार वाजायच्या सुमाराला थोडी वर यायची. आभाळ तर स्वच्छ. इम्तियाज म्हणाला, पॅनेल खराब निघालं. सुवर्णा म्हणाली, बाबा, जाऊन बघा.

पहिल्या खेपेला हलीमाखालाने मला वर जाऊच दिलं नाही. म्हणजे जाऊ नको म्हणाली नाही. आधी चहा दिला. मग घावणे झाले आहेत म्हणून घावणे आणि नारळाचं दूध. मग तिच्या पंख्याचा आवाज ऐकून घ्यायला लावला. मग म्हणाली, या उन्हात वर गेलास तर चक्कर येईल, तुझी बायको मला बोल लावील. मी लाइनमन माणूस, उन्हात खांबावर जन्म गेला, मला ती चक्कर येईल म्हणत होती आणि मी घावणे खात होतो. वर गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पॅनेलं जागेवर, वायरी ठीक, पेटी ठीक. एका काचेच्या कडेला काहीतरी गुलाबीसर चिकटलं होतं, मला वाटलं पाखरांचं असेल. वासही येत होता, पण किनाऱ्यावर वास कुठे नसतो? मी इम्तियाजला कळवलं, सगळं बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी खड्डा परत हजर.

मग मी न सांगता, भर दुपारी गेलो. खाली दार उघडं, घरात कुणी नाही. जिना चढून वर आलो तर माझं कुलूप उघडून कडीला लटकवलेलं.

गच्चीवर पॅनेलांवर जुन्या लुंग्या आणि मच्छरदाण्या अंथरलेल्या, आणि त्यांच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळा. बारीक, गुलाबी, कडक वाळत आलेला. वरून कावळ्यांसाठी जाळं. आणि पॅनेलांच्या खाली, गार सावलीत, चटई टाकून दोन बायका बसलेल्या. एक हलीमाखाला, जिने जिना सोडला होता. दुसरी कोळीवाड्यातली नर्मदा. मध्ये चहाचा थर्मास. माझे पाय बघून त्यांचं बोलणं थांबलं.

मी ओरडलो. आवाज माझा मुळात मोठा, खांबावरून खाली बोलायची सवय. पॅनेलं म्हणजे काय मासळी सुकवायची वलांडी वाटली का तुम्हाला? मग जरा शांत होऊन सांगितलं, की ही सगळी पॅनेलं जुन्या दिवाळीच्या तोरणातल्या बल्बांसारखी एकापुढे एक जोडलेली असतात, एकावर काही पडलं की सगळ्यांची ताकद जाते. एवढंच नाही, जो भाग झाकला जातो तो वीज करायची सोडून वीज खायला लागतो, तापतो, काच तडकते, कधी जळतेही. नर्मदाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती काही माझी गिऱ्हाईक नव्हती.

मग म्हणाली, "ऊन पयल्यापासून आमचं हाय, दत्ता. तू मागनं आलास."

आम्ही सूर्याची ऊर्जा म्हणून कार्डं छापतो, आणि ही बाई आणि तिची आई आणि तिची आजी सगळा जन्म त्याच सूर्यावर धंदा करत आल्या होत्या. विजेचं एक युनिट न जाळता त्यांनी अख्ख्या जिल्ह्याला पावसाळाभर सुकं खायला घातलं होतं.

मी चटईच्या कोपऱ्यावर बसलो. मला चहा मिळाला आणि हकिगत कळली, मी खाली घावणे खात होतो तेव्हा नर्मदा वर सगळं आवरून मागच्या दाराने निघून गेली होती इथपासून. कोळीवाड्याची मासळी सुकवायची मोकळी जागा, तिला ते खळं म्हणतात, ती किनाऱ्यावर होती. तिथे आता ठोकळे बसवून पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग झालंय. बोटवाल्या धडधाकट घरांनी दुसरीकडे सोय केली. नर्मदाला नवरा नाही, मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, ती एकटी टोपली कुठे वाहणार? हलीमाखालाने तिला आपली गच्ची दिली. दोघींची ओळख लग्न होऊन आल्यापासूनची, खालाचा नवरा नर्मदाच्या सासूकडूनच सुकत घ्यायचा. गच्ची दिल्यापासून हंगामभर नर्मदा सकाळी टोपली घेऊन यायची आणि ऊन उतरेपर्यंत दोघी वर बसायच्या. मग पावसाळ्यात आम्ही गच्ची भरून टाकली. नर्मदा हंगामाला आली तर जमिनीवर सगळी सावली आणि ऊन तेवढं काचेवर. तिने दोन दिवस विचार केला आणि जवळा काचेवर टाकला. तिथे तो दुप्पट वेगाने वाळला. शिवाय वाळू लागत नाही. माणगावच्या बाजारात गिऱ्हाइकं विचारायला लागली होती की बाई, एवढा साफ जवळा आणतेस कुठून. हे सांगताना तिला अभिमान वाटत होता आणि खरं सांगायचं तर मलाही थोडा वाटला. पॅनेलांचा उतार मी काढला होता.

खालाने मात्र माझा हात धरला. म्हणाली, इम्तियाजला सांग की पॅनेलच खराब आहे. मी म्हटलं, खाला, मग तो कंपनीचा माणूस बोलावील, तो वर येईल आणि हेच बघेल. खाली घरात ती बोलते तेव्हा आवाज कसा करारी असतो, वर तो अगदी बारीक झाला होता.

"तो मला पनवेलला नेईल, दत्ता. तिथे मी काय करू? भिंतीशी बोलू?"

घरी येऊन मी सुवर्णाला सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग साहेब झाली. म्हणाली, बाबा, खोटं सांगायचं नाही, आपलं नाव जाईल. मग स्वतःच म्हणाली, पण खरं आपण का सांगायचं, ते खालाचं आहे. मुलगी शहाणी आहे. तोंडावर मी हे कधी बोलत नाही.

इम्तियाजचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं की पॅनेल चांगलं आहे, सावली पडतेय. तो चिडला. काका, तिथे एक झाड नाही, सावली कसली? मी म्हटलं, उद्या दुपारी मी गच्चीवरून फोन लावतो, मग बघ. आणि स्कूटर काढून खालाला सांगून आलो, की मी खोटं बोलणार नाही आणि चुगलीही करणार नाही, बोलायचं ते तू बोल. तिने मला त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ती वर येऊन बसलेली. ईदची ओढणी घेतली होती. नर्मदाने जवळा गोळा करून टोपल्या झाकून ठेवल्या होत्या, जशी काही धाड पडणार होती. खाला म्हणाली, लाव.

इम्तियाज कामावरच्या कपड्यांत होता, डोक्यावर हेल्मेट. पडद्यावर मी दिसायच्या ऐवजी आई दिसली, आईच्या मागे गच्ची दिसली आणि त्याचा चेहरा उतरला. खालाने सगळं एका दमात सांगून टाकलं. रोज चढते. बसत बसत चढते. पडले नाही. खड्डा पडतो तो नर्मदाच्या जवळ्याचा, आणि नर्मदाला मी बोलावते, तिला काही बोलायचं नाही. तो ऐकत होता. मग म्हणाला, अम्मा, तू शब्द दिला होतास. आणि मग ते आलंच.

"पनवेलला लिफ्ट आहे, अम्मा."

"लिफ्टमधून नर्मदा येणार आहे का?" खाला म्हणाली.

तिकडून फोन बंद झाला. नर्मदा उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, मी उद्यापासनं येत न्हाय, तुज्या घरात माज्यापायी भांडण नको. खाला तिच्याकडे न बघता म्हणाली, उद्या लवकर ये, आज बोलायचं राहिलं. मी मध्ये उभा. दोघींना जिना उतरताना हात द्यावा म्हटलं तर दोघींनीही घेतला नाही.

पुढचे काही दिवस वाईट गेले. नर्मदा आली नाही. खाला खालीच बसून राहिली आणि मला फोन करून विचारायची, इम्तियाजचा काही निरोप? तो तिच्याशी रोजच्यासारखं बोलत होता, पण पनवेलचं नाव काढत नव्हता आणि तिलाही काढायचं धाडस होत नव्हतं. त्याच्या मोबाइलवर मात्र रोज सुरेख टेकडी दिसत होती, खड्ड्याचं नाव नाही. वीज भरपूर. सुवर्णाने ती रेघ मला दाखवली तेव्हा मला तिचा राग आला, रेघेचा.

मग एका शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्याचा मला फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, काका, मी दिवाळीपासूनचे सगळे दिवस मागे जाऊन बघितले. एकही दिवस खड्डा चुकलेला नाही. म्हणजे अम्मा रोज वर चढत होती आणि मला इथे रोज दिसत होती. मी समजत होतो पॅनेल बिघडलंय. मग तो म्हणाला, आता चार-पाच दिवस खड्डा नाही, अम्मा बरी आहे ना? मी म्हटलं, बरी नाही. खाटेवर नाही पडलेली, पण बरी नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. खाडीकडची एक रांग काढून आम्ही मागच्या पडवीच्या पत्र्यावर नेली. तिथे ऊन थोडं कमी, वीज थोडी कमी, इम्तियाज म्हणाला चालेल. गच्चीचा तो पट्टा मोकळा झाला. तळा गावच्या फॅब्रिकेटरकडून मी जिन्याला दोन्ही बाजूंनी पाइपाचा कठडा करून आणला आणि नर्मदाला मोकळ्या जागेत मासळीसाठी मांडवही करून दिला. ती आली, मांडव हलवून बघितला, म्हणाली, काचेवर बेस वाळत व्हता. मी म्हटलं, नर्मदाबाय, आता माझ्या काचेला हात लावायचा नाही. ती म्हणाली, बगू.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आठवडा झाला नाही तोच इम्तियाजचा परत फोन. तक्रार होती. काय, तर खड्डा पडत नाही. मी म्हटलं, अरे बाबा, त्याच्यासाठीच तर एवढं केलं. तो जरा अडखळला. म्हणाला, ते ठीक आहे काका, पण आता ती चढली की नाही, मला इथे कसं कळणार? फोन केला की ती मी बरी आहे एवढंच म्हणते. खड्डा खोटं बोलत नव्हता.

मी नोकरीभर लाइट जाऊ नये म्हणून खांबावर चढलो. पावसात, वाऱ्यात, जेवणावरून उठून. कुणी लाइट घालवून द्या म्हणून सांगायला आलेलं मला आठवत नाही. सुवर्णाला सांगितलं तर तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग सामानातून एक स्विच काढून दिला. गच्चीच्या दाराशी, आतल्या बाजूला, खालाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर मी तो पेटीत बसवला. तो खाली ओढला की इन्व्हर्टर बंद. घरातल्या लाइटला काही होत नाही, ती तारेवरून येतच असते. परत वर केला की इन्व्हर्टर लगेच चालू होत नाही, तार नीट आहे ना ते थोडा वेळ बघतो आणि मग सुरू होतो. तेवढ्यात रेघेला छोटासा, रेखीव खड्डा पडतो.

खालाला शिकवायला वेळ लागला नाही. पहिल्या दिवशी तिने स्विच ओढला, वर केला आणि चटईवर जाऊन बसली. कुवेतहून फोन आला. ती त्याला म्हणाली, दिसले का? दिसलीस, तो म्हणाला. बस्स, एवढंच बोलले, आणि मी उगाच पॅनेलचे नट आवळत बसलो, ते आधीच आवळलेले होते.

दुसरा खड्डा ही नर्मदाची कल्पना. ती सगळ्यात शेवटी गच्ची सोडते. मासळी गोळा करते, खालाला पुढे घालून जिना उतरवते, मग परत वर येऊन दार लावते. तिने मला विचारलं, ही चढलेली दिसते त्याला, उतरलेली कशी दिसनार? उतरतानाच माणूस पडतं. प्रश्न बरोबर होता. तेव्हापासून दार लावायच्या आधी ती स्विच ओढते. आता रोज दोन खड्डे पडतात, सकाळचा हलीमाखालाचा, दुपार उतरतानाचा नर्मदाचा. आमच्या धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध तोटा आहे आणि सुवर्णा तो कुणाला सांगू नका म्हणते.

मागच्या महिन्यात मी म्हसळ्याच्या बाजूला एका घरावर काम करत होतो. फोन वाजला, कुवेतचा. इम्तियाज घाईत होता. मी मनात म्हटलं, खाला पडली. तर नाही. सकाळचा खड्डा पडला होता, वेळेवर.

"काका, संध्याकाळ झाली, दुसरा नाही दिसला," तो म्हणाला. "नर्मदामावशी बरी आहे ना?"

मी पान्हा खिशात टाकला आणि स्कूटरला किक मारली. पोचलो तेव्हा दोघी अजून वरच होत्या, पॅनेलांच्या खाली, चटईवर. जवळा गोळा करून झाला होता, थर्मास रिकामा होता आणि बोलणं संपलेलं नव्हतं. मी दाराशी गेलो आणि नर्मदाच्या वाटणीचा स्विच मीच ओढला.